वामनकाकांची पंगत

तुमच्या गावच्या मिरवणुकीत डीजेच्या बॉक्सच्या भिंतीला लागून नऊ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? वर्गणी देणाऱ्यांची नावं बॅनरवर असतात. गाणं म्हणणाऱ्याचं नाव पोरांना तोंडपाठ असतं. नाचून नाचून चक्कर येऊन पडलेल्याचं नावही आठवडाभर गल्लीत फिरतं. पण बॉक्स आणि गर्दी यांच्या मधे, वायरींच्या गुंत्यात उभा राहून एकेक बटण सारखं करणारा तो माणूस? मला त्यातल्या एकाचं नाव माहीत आहे. वामन तायडे. आम्ही त्यांना वामनकाका म्हणायचो. ते हयात आहेत, अकोल्याला मुलीकडे राहतात. तरीही त्यांच्याबद्दल लिहायला बसले की हातून 'होते' असंच उतरतं. त्या 'होते'मध्ये माझा वाटा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

अमरावतीत सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. खिडकी विटांनी बुजवलेली, भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध एक टेबल, एक संगणक आणि दोन काळे स्पीकर. हा वामनकाकांचा स्टुडिओ. आमच्या वस्तीतली गाणी, जिल्ह्यातल्या भजनी मंडळांची भजनं, निवडणुकीतल्या घोषणा, सगळं इथेच रेकॉर्ड व्हायचं आणि इथेच मिक्स व्हायचं. पाच जणांनी वेगवेगळं गायलेलं-वाजवलेलं एकत्र आणून त्याचं एक गाणं करणं, याला ते लोक मिक्सिंग म्हणतात.

मी पहिल्यांदा गेले ती एका सभेची घोषणा घेऊन. माझे बाबा हँडबिलं छापायचे. सभेची, मोर्चाची, संपाची. पाठकोऱ्या पत्रकांवर मी बाराखडी गिरवली, आणि वाचायला येऊ लागल्यावर पहिलं वाचलं ते त्याच कागदांच्या पुढच्या बाजूला छापलेलं. त्यामुळे माझी घोषणा पत्रकासारखीच होती, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. वामनकाकांनी ती वाजवली, खाली ढोलकी आणि झांज टाकली, पुन्हा एकदा पूर्ण ऐकवली. मग त्यांनी आवाजाचं बटण जवळजवळ शून्यावर आणलं, इतकं की खालच्या दुकानातल्या पान्याची ठणठण माझ्या घोषणेपेक्षा मोठी झाली. डोळे मिटून, मान तिरकी करून त्यांनी विचारलं, "कोन उपाशी राह्यलं?"

मी म्हटलं, "मी जेवून आले, काका."

ते इतके हसले की खुर्चीचं चाक निसटलं. "तुले नाही इचारलं, माय. अंदरच्या मानसाइले इचारलं." त्यांनी पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "मोठ्या आवाजात सारेच जेवल्यावानी दिसते. बारीक कर, मंग समजते कोनाच्या पानावर काहीच नाही पडलं ते." आणि खरंच, त्या बारीक आवाजात माझ्या घोषणेतला गावाचा पत्ताच ऐकू येत नव्हता. उद्गारचिन्हं तेवढी जेवली होती.

हा त्यांचा रिवाज होता. कुणाचंही गाणं असो, शेवटी आवाज बारीक व्हायचा, डोळे मिटले जायचे आणि तो प्रश्न यायचा. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे पंगत होती आणि ते स्वतः वाढपी. गाणारा पहिल्या पानावर बसला तरी वाढताना टाळकऱ्याला विसरायचं नाही. ढोलकीवाल्याच्या पानात जास्त झालं, तर त्यातलं काढून पेटीवाल्याला द्यायचं. खर्जातल्या जाड आवाजांना मात्र ते आपल्या काळ्या जमिनीची उपमा द्यायचे. "थोडी वल पाह्यजे," ते म्हणायचे. "पानी जास्त झालं का मंग पाय निंगत नाही अन् चप्पल तथीच राह्यते."

अकोल्याला एक दुसरा मिक्सिंगवाला होता, नावाजलेला, मोठ्या शहरात शिकून आलेला. त्याच्याकडे मी दोनदा बसले आहे. 'मार', 'ठोक', 'फाड', 'कापून टाक', 'मागं फेक', हे त्याचे शब्द. त्याच्या तोंडात 'फाड' होतं आणि त्याच्या हाताखाली गाणीही फाटायची. कोरस गाणाऱ्या बायकांना तो 'गर्दी' म्हणायचा, आणि गर्दीचं जे करायचं असतं तेच तो त्यांचं करायचा. शब्द आधी हातात शिरतो आणि मग हात त्या शब्दासारखं वागतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. दोन शहरांतल्या दोन खुर्च्यांमागे बसून मी ते पाहिलं.

मी वामनकाकांना विचारलं होतं, पंगतच का? त्यांचं गाव पातूरकडचं. लहानपणी मारुतीच्या देवळापुढे गावजेवण असायचं, आणि आमच्या लोकांना गोठ्यापलीकडे वेगळं बसवायचे. सगळं गाव उठल्यावर तिकडे वाढायला यायचे. "आमाले दिसत काही नव्हतं," ते म्हणाले. "मधात गोठा. पन आयकू येत होतं. गंजात चमचा बुडाला का 'डुब' असा आवाज येते. वरन कमी होत गेलं का तो आवाज बदलते. अन् चमचा बुडाले घासाले लागला, 'खर्र' असा बारीक आवाज आला, का माही माय माह्याकडे पाहे नाही. तिले समजे, आता अथी पानी मारून आनतीन." गंज म्हणजे आमच्याकडचं वरणा-भाताचं मोठं पातेलं. त्याच्या रिकाम्या बुडाला चमचा घासल्याचा आवाज हा त्यांच्या कानांचा पहिला धडा होता. सात वर्षांचा मुलगा गोठ्याआडून आवाज ऐकून सांगू शकत होता की आपल्यापर्यंत काय पोचणार.

अशा माणसाला मिरवणुकीच्या भिंतीशेजारी मी नेऊन उभं केलं.

जयंतीची मिरवणूक होती. आमच्या वस्तीच्या समितीने ट्रकवर बॉक्सची भिंत लावायची ठरवली. मी पत्रक लिहिलं: आपला आवाज शहराच्या त्या टोकापर्यंत गेला पाहिजे, ज्या टोकाने तो कधी ऐकून घेतला नाही. भिंत नीट लावायला, आवाज फाटू न देता वाजवायला जाणकार माणूस हवा होता. मी वामनकाकांकडे गेले. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"लिवलं मस्त हाये, पत्रकवाली," ते म्हणाले. मला ते चिडवताना असंच म्हणायचे. "पन एखाद्याले जेवाले बोलावनं अन् त्याच्या तोंडात कोंबनं एकच हाये का?"

मी पेटले. "काका, आपल्या लोकांनी अजून किती वर्षं दबून, हयू आवाजात बोलाचं? गोठ्यापलीकडं बसूनच बोलाचं का?"

त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग म्हणाले, "ह्याले माह्यापाशी जवाब नाही." आणि आले.

मला आजही तो प्रश्न चुकीचा वाटत नाही. चुकीचं हे होतं, की तो मी त्यांना निरुत्तर करायला वापरला. दुपारी बाराला ट्रक हलला, रात्री नऊला थांबला, आणि मधले सगळे तास ते भिंतीपासून हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांना म्हटलं, कानात कापूस तरी घाला, वऱ्हाडात कापसाची काय कमी? त्यांनी घातला आणि चौकात पोचायच्या आधी काढून टाकला. "डोये बांधून वाढता येते का?" माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले. भिंत वाजत होती पण फाटत नव्हती. गाण्यातला शब्दन् शब्द कळत होता. लोक म्हणाले, असा साऊंड शहरात कुणाचा नाही. झालं. पुढच्या वर्षी आम्ही बोलावलं, मग दुसऱ्या मंडळांनी, मग गणपतीवाल्यांनी, लग्नवाल्यांनी. स्टुडिओ रिकामा असे, ट्रक भरलेला असे. अशी चार वर्षं गेली.

एकदा भर दुपारी स्टुडिओत त्यांनी मला विचारलं, "माय, दिवसाढवळ्या रातकिडे काहून वरडून राह्यले?" बाहेर कडक ऊन. रातकिडे नव्हते. मी म्हटलं, "काका, तुमचं वय झालं." आम्ही दोघंही हसलो.

त्यानंतर त्यांची गाणी बदलू लागली. झांज हळूहळू वर येऊ लागली. गाणाऱ्याच्या 'स'ला आणि 'श'ला धार चढली. प्रत्येक नवं गाणं मागच्यापेक्षा थोडं जास्त टोचायचं. मी घरी येऊन फोनमध्ये वरच्या पट्टीतले टोचणारे आवाज कमी करायचे आणि मग गाणं समितीच्या लोकांना पाठवायचे. माझ्यासारखं आणखी कोण कोण करत होतं, मला ठाऊक नाही. पण ढोलकीवाला करत असावा, कारण एकदा त्याने पाठवलेल्या गाण्यातही झांज मवाळ होती. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही. वामनकाकांनी 'कोन उपाशी राह्यलं?' विचारलं की आम्ही म्हणायचो, "सारे जेवले, काका. मस्त झालं."

का? आमच्यातला हे काम शिकलेला तो पहिला माणूस. कुणी दार उघडलं नसताना आत गेलेला, स्वतः वायरी जोडत शिकलेला. त्याच्या कानांवर बोट ठेवणं म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणं, असं आम्हाला वाटलं. मी, जी भर चौकात कुणालाही जाब विचारते, ती त्या खोलीत दोन वर्षं खोटं बोलले. याला आदर म्हणतात, असं मी स्वतःला सांगत होते.

मग गयाबाई आल्या. वलगावच्या. सत्तरी ओलांडलेल्या, दम्याने वाकलेल्या. त्यांची गाणी त्यांनीच रचलेली, कागदावर कधी न उतरलेली. चार जणी त्यांच्यामागे म्हणायच्या, त्यातली एक झांज वाजवायची. गयाबाईंना एकच घोर होता: आपण गेल्यावर या चाली कुणी भलत्याच करतील. "माहा दम हाये तवर भरून ठेव," त्या मला म्हणाल्या. दोन ओळी म्हटल्या की त्या भिंतीला टेकायच्या. एक गाणं रेकॉर्ड व्हायला अख्खा दिवस जायचा. सहा गाणी झाली आणि डॉक्टरांनी त्यांना गाऊ नका म्हणून सांगितलं. म्हणजे जे भरलं होतं तेवढंच, पुन्हा नाही.

मिक्सिंग झाल्यावर एका सकाळी वामनकाकांनी पाचही जणींना ऐकायला बोलावलं. त्या चटईवर ओळीने बसल्या. पहिलं गाणं वाजलं. चौघी एकमेकींकडे पाहू लागल्या. झांज वाजवणारीने स्वतःच्याच झांजेला घाबरून कानावर पदर ओढला. गाणं संपलं.

"छान झालं, काका," मी म्हणाले.

"थांब वं पोरी," गयाबाई म्हणाल्या. "छान काय झालं? तायडे, हा माहा आवाज नाही. हे तं कोनी रिकामा गंज चमच्यानं खरडून राह्यलं."

गयाबाईंना गोठ्याची गोष्ट ठाऊक नव्हती. ती त्या खोलीत फक्त मला आणि वामनकाकांना ठाऊक होती.

वामनकाका संगणकाकडे वळले. त्यांनी गाणं पुन्हा लावलं आणि आवाज बारीक केला. डोळे मिटले. मान आधी उजवीकडे तिरकी केली, मग डावीकडे. मग डोळे उघडून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. ते म्हणाले, "झांज वाजून राह्यली का?"

"वाजून राह्यली?" गयाबाई म्हणाल्या. "कान कापून राह्यली, बाप्पा."

"मले नाही येत आयकू," ते म्हणाले.

ढोलकी चालू होती, खालच्या दुकानात पाना ठणठणत होता. मग ते माझ्याकडे वळले. "तुले येत होती?"

"हाव."

"कवापासून?"

मी चटईकडे पाहत राहिले.

त्यांनी गाणं थांबवलं. "मले वाटे ते उपाशी हाये," ते हळूच म्हणाले, जणू झांजेची माफी मागत होते. "मी आपला वाढतच गेलो." सगळ्यांना पुरवायचं हा त्यांचा धर्म, आणि तोच त्यांच्यावर उलटला. जे त्यांना ऐकू येत नव्हतं ते उपाशी आहे, असं समजून ते त्याच्या पानात आणखी आणखी वाढत राहिले, आणि बाकीच्यांची पानं त्याखाली बुडाली.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणं गेलं ते परत येणार नाही, उरलेलंही हळूहळू जाईल. वामनकाकांनी स्टुडिओ बंद केला, भिंतींवरच्या गाद्या स्वतः उचकटल्या. गयाबाईंच्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. त्यात प्रत्येकीचा आवाज वेगळा ठेवलेला आहे. "चांगल्या कानाचा मानूस पाहजो," एवढंच म्हणाले. मी तो अकोल्याच्या त्या नावाजलेल्या माणसाकडे नेला. त्याने अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाला, "म्हातारी ठीक आहे. मागची गर्दी कापून टाकू." मी पेन ड्राइव्ह काढून घेतला. गाणी अजून तशीच आहेत. एका पंगतीच्या पाच बाया पाच वेगळ्या खोल्यांत बसल्यासारख्या. गयाबाई दर महिन्याला निरोप पाठवतात, झालं का म्हणून.

गेल्या महिन्यात मी वामनकाकांना भेटायला गेले. त्यांची मुलगी सुनीता दारातच म्हणाली, "कानातलं मशीन घालत नाहीत ते. म्हणतात, सारं एकाच ताटात कालवून देते. काही सांगायचं असलं तर लिहून दे." ते बाजेवर बसले होते, समोर टीव्ही चालू आणि आवाज बंद. मला पाहून ते खूप मोठ्याने म्हणाले, "ये, पत्रकवाली!" ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

मी पिशवीत हात घातला, हाताला आमचं यंदाचं पत्रक लागलं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहिलं: 'दोन वर्षं. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, कधीपासून. मला दोन वर्षं ऐकू येत होतं. मी सांगितलं नाही.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हंजे," ते म्हणाले, "तुमी साऱ्यांनी मिळून मले उपाशी ठेवलं." आवाजात राग नव्हता. गोठ्यापलीकडून चमच्याचा आवाज सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. स्वयंपाकघरात सुनीताने हातातलं भांडं खाली ठेवलं. मला ते ऐकू आलं, त्यांना नाही.

मग त्यांनी कागद उलटला. पुढच्या बाजूला मिरवणुकीची वेळ होती, मार्ग होता, आणि माझंच एक वाक्य होतं, उद्गारचिन्हासकट. ते त्यांनी सावकाश वाचून काढलं.

"आता तथी कोन उभा राह्यते?" त्यांनी विचारलं. "भिंतीपाशी?"

एक माणूस राहतो. तीन वर्षं मीच त्याला निरोप पाठवते. डीजेवाला म्हणूनच त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे.

"नाव काय त्याचं?"

मला माहीत नव्हतं. वामनकाकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना न लिहिताच कळलं. कागद त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि तोंड टीव्हीकडे वळवलं.

अमरावतीला परतल्यावर मी त्या माणसाला गाठलं. त्याचं नाव संतोष आहे. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्याने मान वळवली, तीही उलट बाजूला. त्याला मी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. आमची यंदाची भिंत मी भांडून अर्ध्यावर आणली आहे आणि समितीतली निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत.

आता तुमची पाळी. तुमच्या गावची पुढची मिरवणूक, वरात, विसर्जन, जे काही असेल ते निघण्याआधी, ट्रक उभा असताना आणि गाणं सुरू झालेलं नसताना, भिंतीपाशी जा. तिथे उभ्या असलेल्या माणसाचं नाव आधी विचारून घ्या. मग त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात त्याला त्या नावाने हाक मारा. त्याने वळून पाहिलं नाही, तर गाणं सुरू होऊ देऊ नका. आणि त्याने का म्हणून विचारलं, तर 'सगळं मस्त आहे' असं त्याला सांगू नका.